माणिकअप्पांची कटती

परभणीच्या जिंतूर रोडवर बर्गरचं एक दुकान आहे. परवा-परवापर्यंत रविवारी दुपारी तिथं गेलात तर काउंटरजवळच्या टेबलावर एक अवाढव्य गृहस्थ दिसायचे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. समोर त्या दुकानात मिळणारा सगळ्यात मोठा बर्गर, शेजारी तळलेल्या बटाट्याच्या काड्यांचा ढीग. हे सगळं मांडून झालं की ते मान मागं टाकायचे आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक द्यायचे, "ए दादा, अन् डायट आण रं! साधं नको. डायट!"

दुकान क्षणभर थांबायचं. मग हसायचं. काहीजण फोन वर काढायचे.

हे आमचे माणिकअप्पा. मानवतला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी शाळेत मास्तर होतो, अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत होती. आता दुकान पुतण्या बघतो आणि अप्पा घरी असतात, पण मोंढा त्यांच्या तोंडातून गेलेला नाही.

मोंढ्यात मापलेल्या मालातून थोडं वजन वजा करतात. बारदानाचं म्हणजे रिकाम्या पोत्याचं, ओलाव्याचं, माती-खड्यांचं. याला म्हणतात कटती. अप्पांच्या मते बिनसाखरेचं कोल्ड्रिंक म्हणजे जेवणाची कटती.

"ह्ये बगा गुरुजी," एकदा त्यांनी मला समजावलं, "आधी बर्गर गेला. माल पोटात पडला. आता वरून डायट सोडलं. ते जातंय अन् जादाचं तेवढं कापून टाकतंय. राहिला निव्वळ माल."

"पण अप्पा, ते काही कापत नाही. त्यात साखर नसते, एवढंच."

"तेच म्हणायलोय मी. रिकामं हाय म्हणून तर ते दुसऱ्याचं घेतंय."

बत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, पण असं गणित एकाही वहीत बघितलं नव्हतं.

दवाखान्यातही हेच. डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या. अप्पा शांतपणे म्हणाले, "ह्ये बारदानासकट झालं."

"कसलं बारदान?"

"हाडं की! हाडं काय मी बर्गर खाऊन केलीत का? ती आईबापानं दिली, ती धरायची न्हाईत. धोतर काढा, चष्मा काढा, सकाळचं तांब्याभर पाणी ओलाव्यात काढा. मंग बोला."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आकडा खोडला नाही, पण हसू दाबता दाबता त्यांचा गोळ्यांचा कागद टेबलाखाली पडला.

पुतण्यानं घरी एक काटा आणून दिला. अप्पा त्याच्यावर एका पायानं उभे राहायचे, दुसरा पाय दाराच्या उंबऱ्यावर. मी विचारलं, "हे काय करायलाव?" तर म्हणाले, "तपासायलोय. दोन पायावर येगळं अन् एका पायावर येगळं दावतंय. काटा मारतोय ह्यो. आमच्या मोंढ्यात आसता तर कवाच जप्त झाला आसता."

लग्नकार्यात अप्पांच्या पिशवीत डायटची मोठी बाटली असते. जिलेबी वाढून झाली की ते पंगतीतून फिरतात आणि ज्याच्या त्याच्या ग्लासात बोटभर ओततात. अगदी गंभीर चेहऱ्यानं, तीर्थ दिल्यासारखं. "घ्या, घ्या. चार जिलब्या खाल्ल्यात तुमी. म्या बगितलंय." नवऱ्या मुलाच्या आजोबांनासुद्धा त्यांनी सोडलं नाही. पाथरीला जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर त्यांना बघून म्हणाला, "अप्पा, तुमची दोन तिकिटं धरू का?" तर म्हणाले, "धर की बाबा. पर मंग मधी तिसरा कोंबायचा न्हाई."

हे किस्से मानवतमध्ये सगळ्यांना माहीत आहेत, कारण ते मी सांगितले आहेत. चहाच्या हॉटेलात बसून, रंगवून, अप्पांचा आवाज काढून. पण किस्स्यांच्या शेपटीला आमच्या गावानं आणखी एक गोष्ट बांधली. अप्पांची मुलगी शोभा अंगानं भरलेली आहे, लहानपणापासून. ती परभणीला एका पतसंस्थेत नोकरी करते, रोज एसटीनं जाते-येते. रविवारी त्या बर्गरच्या दुकानात अप्पांच्या समोर तीही बसलेली असते. तिला बघून लोक म्हणतात, "बापावर गेली बिचारी." कुणी म्हणतं, "बापच असा खादाड, पोरगी काय करणार? घराचं वळणच तसं." हे ऐकून मीही मान हलवत आलो.

मला आता सगळीकडे जाऊन हे खोडून काढणं होणार नाही. गुडघे साथ देत नाहीत. म्हणून लिहितो आहे. शोभाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिहा काका. फक्त मला बारीक करून लिहू नका."

तर गोष्ट अशी की अप्पा काही वर्षांपूर्वीपर्यंत काडीसारखे होते. अक्षरशः काडी. मोंढ्यात हमाल त्यांना म्हणायचे, "अप्पा, पोत्यामागं उभं राहू नका, दिसत न्हाईत." एक भाकरी, वाटीभर वरण, वर ताक. गोडाचं नाव नाही. बायको गेली तेव्हा शोभा कॉलेजात होती, त्यानंतर दोघांचा स्वयंपाक अप्पाच करायचे आणि स्वतः उभ्या उभ्या जेवायचे. हे सगळं गावानं बघितलं आहे. पण गावाला समोर बसलेला माणूस दिसतो, आधीचा दिसत नाही.

मग शोभाची स्थळं सुरू झाली. पाहुणे यायचे, पोहे खायचे, चहा प्यायचे आणि निरोप पाठवायचे. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण. त्या 'पण'च्या पुढं कुणी काही बोलायचं नाही. जिंतूरकडचं एक स्थळ मी आणलं होतं. मुलाच्या आत्यानं शोभाला आपल्यासमोर बसवलं, तिच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि ती घास घेणार तेवढ्यात म्हणाली, "राहू दे गं बाई. तू नाही खाल्लंस तरी चालेल, साठा आहे तुझ्याकडं." सगळे हसले. स्थळ माझं होतं, पाहुणे माझे होते. मीही हसलो.

शोभानं बशी खाली ठेवली. त्यानंतर ती माणसांत खाईना. लग्नात गेली तर पंगतीला बसायची नाही, वाढायला उभी राहायची. ऑफिसात डबा न्यायची तो तसाच परत. आज गुरुवार, उद्या चतुर्थी, परवा पोट बरं नाही. पोरगी वाळत तर नव्हती, पण गप्प होत चालली होती. आणि त्याच सुमारास अप्पा खायला लागले. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणी जीभ सुटते एकेकाची. किस्से सांगायला मला नवा माणूस मिळाला.

खरं काय ते मला अगदी अलीकडे कळलं. डॉक्टरांनी अप्पांना चांगलाच दम दिला. साखर वाढली आहे, गुडघे गेले आहेत, हे खाणं आजपासून बंद, नाहीतर पुढच्या वेळी चालत याल असं नाही. बारदान, ओलावा यातलं काही अप्पा बोलले नाहीत. दवाखान्यातून आम्ही स्टँडवर आलो, बाकड्यावर बसलो. मानवतची गाडी लागायची होती.

"सोडा आता अप्पा," मी म्हणालो. "काय ठेवलंय त्या बर्गरात?"

"मला कुठं आवडतंय ते," अप्पा म्हणाले. "तोंडात धरलं की रबर चावल्यावानी. मी भाकरीचा माणूस."

"मग कामून खाता?"

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग सांगितलं. ते दुकान नवं निघालं तेव्हा शोभाला आवडेल म्हणून ते तिला घेऊन गेले. तिनं नको नको म्हणत एक बर्गर मागवला. ट्रे समोर आला आणि शेजारच्या टेबलावरची पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. एकानं फोन धरला. शोभानं ट्रे ढकलून दिला.

"मला काय करावं ते सुदरंना," अप्पा म्हणाले. "पोरांस्नी बोललो आसतो तर सगळ्या दुकानानं तिच्याकडंच बगितलं आसतं. मंग मी उठलो अन् म्हणलं, ह्याच्यापेक्षा मोठा कोन्ता हाय? त्यो आण. अन् भिंतीवर एक पाटी होती डायटची, ते बी मागवलं. लय मोठ्यानं. पोरं हसली. त्यांनी फोन माझ्याकडं फिरवला. मी दोन्ही हातांनी खायलोय, उपरण्याला सॉस लावून घ्यायलोय. तवर हिनं खाल्लं. खाली मान घालून, पर सगळं खाल्लं."

गाडी लागली होती. आम्ही दोघंही उठलो नाही.

"लोक एका टायमाला एकाकडंच बघतेत, गुरुजी."

म्हणजे ती कटती, ती तीर्थाची बाटली, ती रस्त्यापर्यंत जाणारी हाक. लग्नात अप्पा पंगतीतून बाटली घेऊन फिरायचे तेव्हा शोभा कुठल्या तरी पानावर बसून जेवत असायची, ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी अप्पांकडे बघत असायचो. सगळं गाव म्हणत होतं पोरगी बापावर गेली. इथं तर बाप पोरीवर गेला होता. घास घास करून, नको असताना.

"आता डॉक्टर बंद म्हणतोय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मी गपचिप बसलो तर तिच्याकडं बघतील की सगळे. गुरुजी, तुमी येता का रविवारी? तुमी खा. फकस्त जरा मोठ्यानं खा."

मी गेलो. माझी कवळी, माझा पित्ताचा त्रास, घरच्यांचा विरोध, सगळं बाजूला ठेवून गेलो. अप्पांच्या पुढं नुसतं पाणी. माझ्यापुढं तो जो काय बर्गर आला, तो बघून मला प्रश्न पडला की याला कुठून शिरायचं. मी दोन्ही हातांनी उचलला. वरचा पाव हातात आला, खालचा ट्रेमध्ये राहिला आणि मधलं सगळं माझ्या धोतरावर.

"आवाज करा," अप्पा हळूच म्हणाले.

मी घसा साफ केला. "वा!" एवढंच निघालं. शाळेत हजेरी घेताना निघायचा तसा.

शोभा एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा बापाकडे. मग तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते आहे. हसत होती.

"काका, द्या इकडं. तुम्हाला नाही जमायचं." तिनं माझा ट्रे ओढून स्वतःपुढं घेतला. "आणि अप्पा, तुमचं नाटक मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. तुम्हाला तिखटमिठाशिवाय काही गोड लागत नाही, अन् तुम्ही चीज खायलाव? मी म्हटलं, एवढं करायलेत तर खाऊन घ्यावं. नाही खाल्लं असतं तर तुम्ही अजून मोठा मागवला असता."

तिनं ट्रे सरळ केला आणि काउंटरकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "दादा, इथं एक चहा द्या काकांना. नसला तर बाहेरून आणा."

दुकानातले लोक वळले. कोपऱ्यातल्या टेबलावर दोघी-तिघी होत्या, त्यातली एक दुसरीच्या कानाला लागली. शोभानं त्यांच्याकडे बघितलं. चांगलं डोळ्यात डोळे घालून बघितलं, आणि बघता बघताच पहिला घास घेतला. मान खाली घातली नाही. त्या बायकांनीच आपल्या ट्रेकडे तोंड फिरवलं.

अप्पा खुर्चीत अर्धवट उठले होते, कुणी फोन काढला तर मधे पडायच्या तयारीनं. कुणी काढला नाही. ते तसेच, ना उभे ना बसलेले, टेबलावर दोन्ही तळवे टेकून राहिले. एवढा मोठा माणूस, पण या दुकानात आपण काय करायचं हे त्याला आता माहीत नव्हतं.

"शोभे," ते म्हणाले, "मंग मी काय करू?"

"काही करू नका," ती खाता खाता म्हणाली. "बसा नुसतं माझ्याजवळ."

अप्पा बसले.