मागची सीट रिकामी

ठक्‌. पहाटेच्या शांत घरात फरशीवर काहीतरी आपटलं आणि सोनलच्या हातातली अर्धी वेणी सुटली.

"चिमे, काय पाडलंस?"

"कपडे वाळत घालायची काठी. किती लांब असते ते बघत्येय." पाच वर्षांची चिमी काठीच्या टोकाशी पालथी पडली होती. "तू नाशिकहून आलीस की मी इथं, आणि तू पार तिकडं?"

"हो गं राणी. थोडेच दिवस."

सोनलच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी वर्षभर उधळली होती. छाती धडधडायची, हात थरथरायचे आणि राग तर दुधाच्या आधी उतू जायचा. आज नाशिकला किरणोत्सारी आयोडीनचं औषध घ्यायचं होतं. ते ग्रंथीत जाऊन बसतं, तिचा जोर कमी करतं. पण काही दिवस त्याची किरणं अंगाबाहेरही येतात. म्हणून लेकरांना आणि पोटुशा बायांना जवळ घ्यायचं नाही, येताना गर्दीत बसायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"त्याची काळजी नको," तिचा नवरा नीलेश म्हणाला होता. "पंढरीच्या जीपची मागची बाजू अख्खी सांगून ठेवलीय. आपला माणूस आहे."

हा आपला माणूस नाशिक ते जव्हार काळी-पिवळी चालवायचा. रिकामी सीट दिसली की त्याच्या पोटात दुखायचं.

औषध घेऊन दुपारी सोनल जीपमध्ये मागे एकटी बसली. नीलेश पुढे, पंढरीशेजारी. "तुझ्यापासून लांब बरा," असं म्हणून त्यानं काचेला डोकं टेकलं आणि घोरायला लागला.

त्र्यंबकला मागचं दार उघडलं आणि दोन पाट्या कोंबड्या आत आल्या.

"पंढरीदादा!"

"माणूस घेऊ नको म्हणालात वैनी. ह्या कोंबड्या हायेत."

पुढच्या फाट्यावर कोंबड्यांचा मालक आला, कारण कोंबड्या एकट्या घाबरतात. त्यानंतर सूर्यमाळची एक म्हातारी आली, कारण म्हातारीला जागा लागतेच किती. गुडघ्यावर फडकं बांधलेला एकजण आला, त्याचं कारण सांगायचे कष्टही पंढरीनं घेतले नाहीत.

"नीलेश!" सोनल ओरडली.

"ॲडजस्ट कर ना गं जरा," झोपेतूनच उत्तर आलं.

तोरंगणचा घाट उतरल्यावर रामी नावाची एक बाई चढली. कडेला पोर, डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी. ह्या जीपांमध्ये एक रीत आहे. पोरवाली बाई चढली की पोर आधी आत येतं, आई मागून. दाराशी जी मांडी असेल तिच्यावर ते बसतं. त्यात विचारायचं काही नसतं.

"घे बाय," म्हणून रामीनं पोर पुढे केलं.

सोनल एकदम मागे सरकली, इतकी की कोंबड्यांच्या पाटीवर बसायची राहिली. पोर हवेतच लोंबकळत राहिलं.

"नको! मला नका देऊ."

रामीचा चेहरा बदलला. "का गं बाय? आमची पोरं मळकी म्हून? सकाळीच धुतलाय त्याला."

"तसं नाही हो—"

"कसं नाय! शहरातल्या बाया तुम्ही. लुगडं खराब व्हईल."

सोनलच्या कानशिलांत रक्त उसळलं. घरी स्वतःची पोर काठीच्या मापानं लांब ठेवायची होती, आणि इथं ह्या बाईनं तिला हे ऐकवावं! पोर तर तिच्याचकडे बघून बोळकं पसरून हसत होतं.

"माझ्या अंगातून किरणं निघतायत!" ती किंचाळली. "आजच औषध घेतलंय. तुमच्या पोरासाठीच नाही म्हणत्येय!"

आता सगळे उड्या टाकून पळतील, असं सोनलला वाटलं.

"किरणं म्हंजे एक्सरेवाली?" गुडघेवाला पुढे सरकला. "वैनी, जरा ह्यो गुडघा बघा ना. आमच्या दवाखान्यात मशीनच्या खोलीला कुलूपच हाय. चार बारी गेलो."

"माझ्या पण गळ्याला गाठ हाय," म्हणत म्हातारी सोनलच्या खांद्याला येऊन चिकटली. "मी नुसती टेकते. तू नको तरास घेऊ."

कोंबडीवाल्यानं कंबर पुढे केली.

सोनल उठली. डोकं टपावर आदळलं. त्यानंतर जे झालं ते घाटापर्यंत ऐकू गेलं असणार.

"पंढऱ्या, गाडी थांबव! मी मशीन नाही! कुलपाची किल्ली मागा, दवाखान्यात जाऊन ओरडा, माझ्या अंगाला काय टेकताय? उतरा! सगळे उतरा!"

नीलेश खडबडून जागा झाला. वळून सगळ्यांना समजावू लागला, "माफ करा हं. थायरॉईड आहे तिला. त्याच्यामुळे राग येतो."

"हा थायरॉईडचा राग नाही," सोनल म्हणाली. "हा तुझा आहे."

मग जागा तिनं लावल्या. रामी, पोर आणि म्हातारी पुढे. गुडघेवाला मधल्या भरल्या सीटवर कोंबून. कोंबडीवाला टपावर. मागे दाराशी नीलेश, आणि दोन्ही पाट्या त्याच्या मांडीवर. पंढरी वाटेत पुन्हा कुठेच थांबला नाही.

जव्हारला उतरल्यावर रामी खिडकीपासून चांगली लांब उभी राहिली.

"तुझी पोर केवढी?"

"पाच वर्षांची."

"तिला पण घ्यायचा नाय?"

सोनलनं मान हलवली.

"असला कसला दवा काढला मेल्यांनी," रामी चिडून म्हणाली आणि लांबूनच पोराचा हात धरून हलवला. "मावशीला टाटा कर रं."

घरी चिमी ओट्यावर काठी आडवी धरून उभी होती. सोनलनं दुसरं टोक धरलं. दोघी काठीच्या दोन टोकांना बसल्या. सासूबाई वनमालाबाई दारात आल्या, आणि नीलेशनं त्यांना सगळी हकीकत हसतहसत सांगितली, शर्टावरची पिसं वेचत.

"आता काही दिवसच बरं का चिमे," शेवटी तो म्हणाला. "औषध लागू पडलं की आईचा राग जाणार. एकदम शांत होणार आई."

चिमीनं काठी आपल्याकडे हळूच ओढून पाहिली. पलीकडून सोनलनंही तेवढीच ओढली.

"आई," चिमीनं विचारलं, "तुझा राग गेला तर मग सगळ्यांना खाली कोण उतरवणार?"