जमीन खरखरीत करण्याचे काम चालू आहे

सन १९८६. त्या वर्षी पाणीपुरवठा कार्यालयाच्या दालनात मोठ्या साहेबांचे मेहुणे घसरून पडले. त्याआधीही तिथे माणसं घसरत असत. माझ्या सासूबाईही घसरल्या होत्या. पण तोवर घसरणं हा ज्याच्या त्याच्या चालण्यातला दोष समजला जाई. मेहुणे पडले आणि दोष जमिनीचा असल्याचं प्रथमच निदर्शनास आलं.

ते दालन मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. मधोमध लांबलचक कट्टा, त्यावर जाळी, जाळीत एक खिडकी. कट्ट्यापलीकडे लाकडी चौथरा, त्यावर टेबलं, टेबलांमागे साहेब लोक. अलीकडे आम्ही. आमच्या बाजूची जमीन काँक्रीटची, वाट पाहणाऱ्या पायांनी घासून घासून आरशासारखी झालेली. बसायला एक लाकडी बाक.

सासूबाईंना घरात नळ हवा होता. एवढंच. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाचं पाणी जिने चढून मी वर आणत असे. "हिचे हात गुडघ्याला लागायला आलेत," असं आमचे हे चारचौघांत कौतुकाने सांगत, पण बादली काही उचलत नसत. सासूबाईंनी मात्र मनावर घेतलं होतं, की सुनेचे हात आणखी लांबायच्या आत नळ आणायचाच. कार्यालयाचा नियम असा, की अर्जदाराने खिडकीशी समक्ष उभं राहायचं, आतल्या कारकुनाने चेहरा पाहून 'हजर' म्हणायचं, मग अर्ज एक टेबल पुढे सरकायचा. सासूबाई उंचीने बेताच्या. खिडकीच्या फळीवर त्यांची हनुवटी जेमतेम टेके. पण टेके.

मेहुण्यांचा घोटा बरा होईपर्यंत निर्णय झाला. जमीन आधी खरखरीत करायची, मग तिच्यावर न घसरणारा लेप द्यायचा. खरखरीत करायला शॉट ब्लास्टिंगचं यंत्र आलं आणि ते चालवायला माझा धाकटा दीर लागला. नेमणूक 'जमिनीचे काम पूर्ण होईपर्यंत'. हे शब्द तेवढे लक्षात ठेवा.

यंत्र मोठं गुणी होतं. पोटात एक चाक गरगर फिरे आणि पोलादाचे मोहरीएवढे छर्रे जमिनीवर असे आपटी, की वरचा गुळगुळीत पापुद्रा उडून जाई. छर्रे उसळून परत पोटात, धूळ जाड नळीतून पिशवीत. भाऊजी यंत्राला राणी म्हणत. आधी धूळ ओढणारी मोटर, मग चाक, आणि सगळ्यात शेवटी छर्ऱ्यांची झडप. बंद करताना याच्या उलट. झडप उघडी ठेवून एका जागी थांबलं की जमिनीत खड्डा. छर्रे भिजले की गंजून गोळा. हे सगळं आम्हाला जेवताना ऐकावं लागे.

"राणीच्या चाकाची पाती झिजलीत का, ते रोज बघावं लागतं, वहिनी."

"आईचे गुडघे झिजलेत, ते बघितलेस का रे कधी?" सासूबाई विचारत.

"आई, तिला दर आठवड्याला ग्रीस लागतं."

"आणि मी गंजले तरी चालेन!"

पहिल्या दिवशी जमीन सुरेख झाली. पाण्याचा थेंब टाकला तर ओघळून न जाता जागच्या जागी मुरे. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत सांगितलं होतं, की लेप त्याच दिवशी, वर धूळ बसायच्या आत द्यावा. न दिल्यास पुन्हा ब्लास्टिंग करावं. पण लेप हा रंग विभागाचा विषय. रंग विभाग म्हणाला, जमीन तयार झाल्याचं आम्हाला ती तयार झाल्यावर कळवा. कळवलं. निरोप समोरच्या इमारतीत पोहोचायला महिना लागला. मग रंगवाले आले, वाकले, जमिनीवरून बोट फिरवलं आणि हळहळले.

"पृष्ठभाग दूषित झालाय. यावर लोक चाललेत."

"जमीन आहे ती. लोक चालणारच," भाऊजी म्हणाले.

"मग लेप धरणार नाही. पुन्हा मारा."

पुन्हा मारली. पुन्हा कळवलं. पुन्हा महिन्याने ते आले, पुन्हा हळहळले. दर खेपेला जमिनीचा एक पापुद्रा जाई. अर्थात आमच्या बाजूचा. चौथरा लाकडी होता, आणि लाकडावर राणी चालवायला सक्त मनाई होती.

त्यात यंत्राच्या कडेची ब्रशची झालर झिजली. छर्रे बाहेर सांडू नयेत म्हणून ती असते. भाऊजींनी नवी मागितली. भांडार म्हणालं, ब्रश हा सफाई विभागाकडे येतो. सफाई विभागाने तत्परतेने एक झाडू दिला. सांडलेले छर्रे गोळा करायला लोहचुंबक होतं, पण ते मोठ्या साहेबांच्या टेबलावर टाचण्या सांभाळण्यात गुंतलेलं होतं. आता लोक छर्ऱ्यांवरून घसरू लागले, आणि पूर्वीपेक्षा जास्त घसरू लागले. मोठे साहेब चिंतेत पडले.

"याचा अर्थ जमीन अजून फारच गुळगुळीत आहे," ते भाऊजींना म्हणाले. "दिवसातून दोनदा मारा."

सासूबाईंची हनुवटी फळीवरून सुटली. मग नाक खाली गेलं, मग डोळे. शेवटी खिडकीतून फक्त त्यांचा अंबाडा दिसू लागला, तोही टाचा उंचावल्यावर.

"पुढचा अर्जदार!" कारकून ओरडला.

"हजर!"

"कोण बोललं?"

"मी! नळवाली!"

"दिसत नाही."

"अरे, मग जरा वाकून बघ की!"

"आजी, माझ्या पदाला वाकायचा अधिकार नाही. गैरहजर."

"मेल्या, गैरहजर बाई बोलेल कशी?"

"आवाजावरून हजेरी धरत नाही आम्ही."

मी सासूबाईंना कमरेला धरून वर उचललं. बादल्या उचलून दंड तयार होतेच. कारकुनाने त्यांचा चेहरा पाहिला, ओळखीचं हसला देखील, आणि म्हणाला, "अर्जदार स्वतःच्या पायांवर उभी नाही. खाली ठेवा."

त्या दिवशी घरी मायलेकांची जुंपली.

"तूच खणतोस आणि मीच बुडतेय! थांबव ती तुझी राणी."

"थांबवली की काम पूर्ण झालं असं धरतील, आई. मग मी घरी."

"आणि माझा नळ?"

"मी कायम झालो की आणूच ना नळ."

"तोवर मी पाताळात पोहोचेन. तिथे म्हणे पाणी मुबलक असतं!"

भाऊजींनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी राणीला ग्रीस घातलं.

सासूबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तक्रार केली. चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष मेहुणे, कारण दालनात पडण्याचा त्यांना अनुभव होता. समितीने चौथऱ्यावर उभं राहून कट्टा मोजला. तो नियमानुसार निघाला. चौथरा हलला नाही, कट्टा हलला नाही, तेव्हा एकच निष्कर्ष उरत होता: नागरिकांची उंची घटत चालली आहे. त्यावर उपाय म्हणून दारापाशी लोंबकळायला एक लोखंडी दांडा बसवण्यात आला.

गंमत म्हणजे रांगेतल्या लोकांनाही हे पटलं. जो तो आपापल्या पाठीच्या कण्याला दोष देऊ लागला. दांड्यासाठी वेगळी रांग लागली. "साहेब लोक बघा किती वर गेले," एक जण मान मोडेपर्यंत वर पाहत अभिमानाने म्हणाला. त्याचा भाचा आत कामाला होता.

"उंटावरून शेळ्या हाकतायत, आणि शेळ्यांना उंटाचं कौतुक!" सासूबाई म्हणाल्या. पण आम्ही तळाशी होतो. त्यांचं बोलणं वरपर्यंत गेलं नाही.

पुढे जमिनीतल्या सळ्या उघड्या पडल्या. मोठ्या साहेबांनी खिडकीतून खाली डोकावून समाधान व्यक्त केलं, की सळ्यांमुळे पायांना पकड चांगली मिळेल. दारातून आत यायला आता शिडी होती. सळ्याही एक दिवस झिजल्या, खाली माती लागली, आणि मातीत एक जाडजूड नळ होता. तो साऱ्या वस्तीला पाणी पुरवणारा मुख्य नळ आहे हे पाणीपुरवठा कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळची वेळ होती. सासूबाई आणि मी बाकावर बसलो होतो. भाऊजींनी मोटर लावली, चाक लावलं, झडप उघडली, तेवढ्यात मोठ्या साहेबांनी वरून हाक मारली. भाऊजी थांबून वर पाहू लागले. झडप उघडीच राहिली. राणीने एका जागी उभं राहून, शिकवल्याप्रमाणे, खड्डा केला.

फवारा छताला लागला. लोक शिडीकडे धावले. सासूबाईंचे गुडघे धावण्याजोगे नव्हते आणि त्यांना सोडून मला धावता येईना. पाणी घोट्याला लागलं, मांडीला लागलं, मग बाक हलला आणि आम्हा दोघींना घेऊन तरंगू लागला. आम्ही वर वर चाललो. कट्टा आला, फळी आली. सासूबाईंनी केस सारखे केले. बाक खिडकीपाशी पोहोचला तेव्हा त्यांची मान ताठ होती आणि कारकुनाला त्या कमरेपर्यंत दिसत होत्या.

"हजर," कारकून म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणताच येईना.

अर्ज सरकला. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून थेट मोठ्या साहेबांकडे. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला होता. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं, आणि प्रत्यक्ष पाहणीचा शेरा मोठ्याने उच्चारत लिहिला: "अर्जदार समक्ष पाण्यात आढळली. सबब पाण्याची निकड दिसून येत नाही. अर्ज निकाली."

सासूबाईंनी ओला पदर पिळला. मला ते बघवेना. बाक भिंतीला लागल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, उद्यापासून बादली इथेच आण. कोपऱ्यापेक्षा जवळ पडतं."

आळीतल्या सगळ्याच बायका तिथे पाणी भरू लागल्या. त्या वर्षी नळासाठी एकही नवा अर्ज आला नाही, आणि मागणी संपूर्ण भागवल्याबद्दल कार्यालयाला मानाची ढाल मिळाली.

मेहुणे पुढे कार्यालयाचे जलसुरक्षा सल्लागार झाले. मोठे साहेब आणखी मोठे झाले. भाऊजी कायम झाले. जमीनच उरली नाही, तेव्हा जमिनीचं काम पूर्ण होण्याचा प्रश्न मिटला, आणि निवृत्त होईपर्यंत ते काठावर बसून होते. त्यांचं लग्न झालं. जाऊबाईंचेही हात लांबले. राणीच्या पोटातले छर्रे गंजून एक गोळा झाला. तिला फाटकाशी ओट्यावर मांडलं आहे, आणि रंग विभाग दरवर्षी न चुकता, वेळेवर येऊन तिला रंग देतो. कारकुनाला बढती मिळाली. निवृत्तीनंतर तो स्वतःच्या नळासाठी रांगेत उभा असलेला मी पाहिला. म्हणजे काठावरून त्याचं टक्कल पाहिलं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं कोणतंही प्रकरण प्रलंबित नव्हतं. कार्यालयाच्या दृष्टीने त्या समाधानाने गेल्या.

आता नवी इमारत झाली आहे. काचा, गार हवा, आकडे दाखवणारा दिव्यांचा फलक. परवा नातीबरोबर गेले होते. खिडकीची फळी माझ्या नाकाशी आली.

"आजी, तू वयाने खचलीस," नात म्हणाली.

असेल. पण चप्पल काढून झटकली तेव्हा तिच्यातून मोहरीएवढा एक पोलादी छर्रा पडला. मी तो रांगेतल्या सगळ्यांना दाखवला. कोणी पाहिला नाही. सगळे मान वर करून फलकाकडे पाहत होते.

तुम्ही इथवर हसत आलात, बरं वाटलं. एक सांगा, तुमच्या खिडकीची फळी मागच्या वर्षी तुमच्या हनुवटीशी येत होती, की छातीशी? आठवत नाही ना? आम्हालाही आठवत नव्हतं.