सदतीस अंशांवरचं पीठ

"पीठ फुगंना झालंय बघ," कृष्णाबाईंनी डब्याचं झाकण उघडून सुनेसमोर धरलं. "उद्या संध्याकाळी मजल्यावरच्या सगळ्या बायका डोसे खायला येणार, आणि हे बसलंय गप्प. काय थंडी म्हणायची ही बंगळूरची!"

शलाकानं डब्यात डोकावून पाहिलं. पीठ निपचित पडलं होतं. शलाका एका खासगी मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, आणि तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे विभागप्रमुख उमाकांत सर याच महिन्यात ठरवणार होते. अशा वेळी शहाण्या माणसानं घरचं पीठ घरीच ठेवावं. पण सासूसमोर आपलं ज्ञान दाखवायची संधी काही रोज येत नाही.

"माझ्याकडे द्या, आई. आमच्या इनक्युबेटरमध्ये रात्रभर सदतीस डिग्री असते."

"ते काय असतंय?"

"जंतू वाढवायचं कपाट." कृष्णाबाईंचा चेहरा बघून तिनं घाईनं पुढे जोडलं, "कोरं करकरीत आहे हो! अजून एकही जंतू आत गेलेला नाही."

हे खरं होतं. नवं इनक्युबेटर नुसतं चाचणीसाठी चालू ठेवलेलं होतं. कॉलेजात पोचताच शलाकानं डबा त्याच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर जाऊन पहिला नियम सांगितला, की प्रयोगशाळेत खाण्याची वस्तू आणायची नाही. सांगताना तिचा आवाज जराही कापला नाही.

मुलांचं ते पहिलंच प्रात्यक्षिक. कुणी स्वतःच्या घशातून, कुणी मोबाइलवरून, कुणी कँटीनच्या टेबलावरून कापसाच्या काडीनं नमुने घेतले आणि पेट्री डिशमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या झाकणाच्या बशांत, रेघा ओढल्या. डिश जुन्या इनक्युबेटरमध्ये गेल्या, शलाका घरी गेली, आणि पाठोपाठ जुनं इनक्युबेटर बंद पडलं. प्रयोगशाळेतला नागराज कामाला चोख. त्यानं सगळ्या डिश उचलून नव्या इनक्युबेटरमध्ये, नेमक्या डब्याखाली रचून ठेवल्या.

सकाळी शलाकानं दार उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पीठ फुगलं होतं. झाकण ढकलून, कप्प्यावरून ओघळून ते डिशवर उतरलं होतं. तिनं मिळेल त्या कापसानं सगळं पुसलं आणि उरलेलं पीठ नष्ट करायला पाठवलं. डिशची झाकणं बंद होती, आत काही शिरलं नसणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. एखाद्या विद्यार्थ्यानं परीक्षेत असं लिहिलं असतं, तर तिनं त्याला नापास केलं असतं.

"मॅम, माझ्या थ्रोटमध्ये आणि हिच्या मोबाइलवर सेम टू सेम आहे!" अजिंक्य ओरडला. मग एकेक जण ओरडू लागला. सगळ्या डिशमध्ये तेच पांढरे ठिपके.

नेमके तेव्हाच उमाकांत सर नव्या बाई कशा शिकवतात ते पाहायला आले. सर्दीनं त्यांचं नाक बंद होतं, त्यामुळे आंबट वास काही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. मुलांनी रंगवून ठेवलेला नमुना बघायला ते सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"जांभळे गोल, साखळीनं. घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकसच की हो! सगळ्यांच्या घशात? आणि कँटीनच्या टेबलावर पण?"

"सर, बाहेरून काहीतरी मिसळलं असेल..."

"सगळ्याच डिशमध्ये? मॅडम, साथ आहे ही!"

सरांच्या कामाचा झपाटा दांडगा. बघता बघता कँटीनला कुलूप लागलं आणि मुलं पेनिसिलिनच्या इंजेक्शनसाठी रांगेत उभी राहिली. अजिंक्यच्या आईनं पुण्याहून फोनवर त्याला पहिल्या विमानानं घरी यायला सांगितलं. एवढ्यात कँटीन चालवणारा देवाप्पा प्रयोगशाळेच्या दारात आला. त्याचे डोळे भरले होते.

"अक्का, पोरांना घरच्यासारखं जेवू घातलंय मी. आता काँट्रॅक्ट काढतो म्हणालेत. माझ्या टेबलावर असं काय सापडलं, तेवढं तरी सांगा की."

शलाकाला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती तडक सरांकडे गेली.

"सर, इंजेक्शनं थांबवा. ते स्ट्रेप्टोकोकस नाही. तसाच दिसणारा दुसरा जंतू आहे. डोशाच्या पिठातला."

"इथं डोशाचं पीठ कुठून येणार?"

"माझ्या घरून, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग इंजेक्शनं थांबली, कँटीन उघडलं, आणि शलाकाला वर्गासमोर उभं राहून सगळा प्रकार सांगावा लागला. मुलांनी तो कान देऊन ऐकला. एवढ्या लक्षपूर्वक त्यांनी पुढे काही ऐकलं असेल असं वाटत नाही.

"तुम्हाला कायम करायचं सहा महिने पुढं ढकलतोय," सर शेवटी म्हणाले. "आपणहून सांगितलंत म्हणून सहा. नाहीतर आजच निरोप दिला असता."

संध्याकाळी ती कॉलेजच्या फाटकाशी पोचली तेव्हा देवाप्पा कँटीनच्या पिठानं भरलेला डबा घेऊन उभा होता. "न्या, अक्का. घरी पाहुणे हायत म्हणं."

घरी गेल्या गेल्या सासूबाईंना खरं सांगायचं, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. पण डोसे जाळीदार झाले, आणि कृष्णाबाई तव्यापाशी उभ्या राहून बायकांना सांगत होत्या, "माझ्या सुनंनं कॉलेजात फुगवलंय हे पीठ! उगीच नाही एवढं शिकली ती!" लग्न झाल्यापासून सुनेच्या पदवीचा उपयोग त्यांना आज पहिल्यांदा समजला होता. शलाकानं तोंड उघडलं आणि डोशाचा तुकडा आत सारून मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाच घरचे पिठाचे पाच डबे ओळीनं मांडलेले होते. "स्वल्प, थोडी जागा बघा हं आमच्या पिठाला पण," शेजारीण म्हणाली. शलाकानं डबे ऑटोत चढवले आणि कॉलेजात शिरताच प्रयोगशाळेचा जिना टाळून ती मुकाट्यानं कँटीनकडे वळली.