खंडेनवमीचा लॅपटॉप

लॅपटॉप टेबलावर पालथा पडला होता. त्याचं पोट उघडं होतं आणि जीवन गायधनी चष्म्याच्या दुकानातून मागून आणलेला बारीक स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून मोबाईलवर कुणाचातरी व्हिडिओ बघत होता. रूपालीने त्याच्याकडे लॅपटॉप दुरुस्त करून मागितला नव्हता. तिने नवीन मागितला होता.

"नवीन कशाला? हाच नवीन करतो. हार्ड डिस्क काढायची, एसएसडी टाकायची, रॅम वाढवायची. विषय संपला."

"अहो, खंडेनवमीला दुपारी माझी मुलाखत आहे. व्हिडिओवर. मध्येच बंद पडला तर?"

"मी अंबडच्या कंपनीत क्वालिटीला आहे, रूपाली. माझ्या हाताखालून गेलेला माल परत येत नाही."

माल परत येत होता. दर महिन्याला येत होता, आणि तो का आला याचा अहवाल जीवनच लिहायचा. पण हे घरी सांगायचं नसतं.

नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीची होती. ही कंपनी लॅपटॉपचे सुटे भाग विकणाऱ्या चार-दोन ब्रँडच्या तक्रारी फोनवर ऐकायची, आणि मराठी गिऱ्हाइकांसाठी तिला घरून काम करणारी एकच बाई हवी होती. सासऱ्यांच्या आजारपणात रूपालीने गंगापूर रोडवरची नोकरी सोडली होती. सासरे गेले, पण नोकरी काही परत आली नाही. घरी येणारा-जाणारा म्हणायचा, आता तुला कशाला. जिला स्वतःच्या चपला घ्यायलाही कारण सांगावं लागतं, त्या बाईला नोकरी कशाला हवी हे विचारणारा माणूस एकतर मूर्ख असतो किंवा तिचा नवरा.

चीड आणणारी गोष्ट अशी, की लॅपटॉप खरंच चालू झाला. पूर्वी चालू करून चहा ठेवला तर चहा आधी व्हायचा, आता पातेलं गॅसवर जाईपर्यंत पडदा उजळायचा. बॅटरी तेवढी मेलेली होती. वायर निघाली की लॅपटॉप जागेवर खलास. जीवनच्या मते तो दोष नव्हता, त्याला 'डेस्कटॉप मोड' म्हणायचं.

खंडेनवमीला सकाळी रूपाली स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. बाहेर जीवनच्या आईने, आक्काबाईंनी, पूजा मांडली. लाल कापडावर कोयता, विळी, पाना, कात्री, स्कूटरची किल्ली. जीवनने मधोमध लॅपटॉप आणून उघडा ठेवला.

"हे माझं शस्त्र," तो म्हणाला.

आक्काबाईंनी शस्त्राला झेंडूची माळ घातली आणि कुंकू लावायला कपाळ शोधलं. पडद्याच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मध्ये, एक बारीक गोल भोक होतं. कंपनीने कुंकवासाठी जागा ठेवलीय हे बघून त्यांना बरं वाटलं. त्यांनी ओलं कुंकू बोटाने दाबून लावलं. मग जीवन कंपनीतल्या मशीनच्या पूजेला गेला आणि दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन परत आला.

तोवर रूपाली साडी नेसून तयार होती. "आई, लॅपटॉप उचलते हं. मुलाखत आहे."

"हात लावू नको! पूजेत मांडलेलं उद्या दसऱ्याला अक्षता टाकल्याबिगर हलवायचं नाय."

"आई, तो लॅपटॉप आहे."

"मंग? कोयता काय जन्माचा देव हाय? मांडला की देव."

रूपालीने जीवनकडे बघितलं. जीवनने पेढ्याकडे बघितलं.

"आईचं बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणजे, तुझंही बरोबर आहे."

मोबाईलवरून मुलाखत चालणार नव्हती. घरचा लॅपटॉप नीट चालतो का तेही कंपनीला बघायचं होतं. तेव्हा रूपाली लॅपटॉपला वायर जोडून पूजेसमोर जमिनीवर बसली. देव हलवायचा नाही, पण देवासमोर बसायला बंदी नव्हती. समई बाजूला सरकवायला आक्काबाईंनी परवानगी दिली, कारण माळ पेटली असती.

"रूपाली मॅडम, आवाज छान येतोय," पुण्याहून अरिबा शेख म्हणाल्या. मुलाखत त्याच घेणार होत्या. "पण चित्र दिसत नाहीये. नुसतं लालसर काळं."

"ड्रायव्हर!" मागून जीवन ओरडला. "सरक. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर उडालाय."

"अहो, आधी बघा तरी..."

"बघायचं काय त्यात? तुला ड्रायव्हर म्हणजे काय माहितीये का?"

त्याने गुडघ्यावर बसून ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, काढून टाकला, लॅपटॉप बंद करून परत चालू केला, आणि पडद्यावर अक्षरं आली: अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. रूपालीने मोबाईलवरून अरिबांना फोन केला. थोडा वेळ द्याल का, म्हणाली. आवाज तिचा, मान खाली तिची, चूक त्याची. घराघरात कामाची वाटणी अशीच असते.

"घ्या वेळ. मी आहे," अरिबा म्हणाल्या.

अपडेट संपलं. परत जोडणी झाली. परत लालसर काळं.

"म्हणजे कॅमेराच जळाला," जीवन म्हणाला. "जुना माल. मी म्हणतच होतो, नवीन घेऊ."

रूपाली पुढे वाकली आणि पहिल्यांदाच त्या यंत्राकडे कुणीतरी नीट बघितलं. "अहो, कुंकू आहे."

"कुठे?"

"कॅमेऱ्यावर."

तिने पदराचं टोक पुढे केलं, तेवढ्यात आक्काबाईंनी तिचं मनगट धरलं. "कुंकू पुसतीस? सवाष्णीनं? ते बी नवमीला?"

"आई, ते लॅपटॉपचं कुंकू आहे!"

"कुनाचं बी असंल. पुसायचं नाय."

"रूपाली, नको पुसूस," जीवन घाईने म्हणाला. "उगाच काही झालं तर... म्हणजे, माझ्यावरच यायचं ना ते." क्वालिटीतला माणूस घाबरला होता. ड्रायव्हर काढून टाकताना मात्र तो घाबरला नव्हता.

"मग तुम्ही पुसा."

"मी कसं पुसणार? मीच तर नवरा आहे!"

लॅपटॉपमधून अरिबांचा आवाज आला, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

"एकच मिनिट, मॅडम," रूपाली म्हणाली.

आक्काबाई दुष्ट नव्हत्या. सुनेचं काम अडावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. त्यांनी विचार केला. "पुसायचं नाय," त्या म्हणाल्या, "पन देवाला न्हाऊ घालतोच की आपन."

हे वाक्य कुणाच्या ध्यानात यायच्या आत त्यांनी तांब्यातली पळी भरून लॅपटॉपच्या कपाळावर रिकामी केली.

कुंकू गेलं. चित्र आलं. अरिबा शेख यांना पुण्यात स्वच्छ दिसलं: एक बाई दोन्ही हात पसरून ओरडतेय, तिच्या पुढ्यात कोयता आहे, बाजूला एक म्हातारी पळी घेऊन उभी आहे आणि मागे एक माणूस तोंडात अर्धा पेढा धरून थिजलाय. मग पाणी पडद्यावरून ओघळत कीबोर्डात उतरलं. आत काहीतरी तडतडलं, जळका वास आला आणि जीवनचं शस्त्र नव्या रॅमसकट, नव्या डिस्कसकट देवाघरी गेलं.

"अर्थिंग बरोबर नव्हतं," जीवन म्हणाला.

रूपाली तिथेच बसून राहिली. इतक्या वर्षांनी आलेली एक संधी तिच्यासमोर झेंडूच्या माळेत गुंडाळून पडली होती. मोबाईल वाजला. अरिबा होत्या.

"काय झालं, मॅडम? जरा सांगता का?"

रूपालीने सांगितलं. लॅपटॉप कधी उघडला, काय बदललं, कुंकू कुठे लागलं, आधी काय करायला हवं होतं आणि काय केलं, पाणी कुठून शिरलं. सगळं ओळीने. 'माझा नवरा मूर्ख आहे' हे वाक्य त्यात कुठेच आलं नाही. तेवढी जागा तिने रिकामी सोडली, आणि समोरच्या बाईला ती बरोबर कळली.

"तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडले ना. पण चिडून लॅपटॉप वाळत नाही."

अरिबा हसल्या. "आम्हाला दिवसभर असेच फोन येतात. फरक एवढाच, की तिकडचे लोक खरं सांगत नाहीत. पाणी कुणीच सांडलेलं नसतं. सोमवारपासून या कामावर. लॅपटॉप आम्ही पाठवतो."

पुढच्या आठवड्यात रूपाली बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून बसायला लागली. जीवनने तोवर नाशिक रोडभर सांगून टाकलं होतं, की बायकोची निवड त्याने अपग्रेड केलेल्या लॅपटॉपवर झाली. हे काही खोटं नव्हतं. शेजारच्या वाल्मीक आप्पांवर त्याचा इतका परिणाम झाला, की रविवारी ते आपला जुना लॅपटॉप आणि नवी डिस्क घेऊन आले. जीवन त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावून घेतलं. डिस्क बसली, लॅपटॉप चालू झाला, पण त्याला डिस्क काही दिसेना.

"काय झालं हो?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. माल खराब आहे. कंपनीलाच झापतो," म्हणत जीवनने डिस्कच्या खोक्यावरचा नंबर फिरवला आणि आप्पांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. मराठीसाठी तीन दाबा. त्याने तीन दाबलं.

"नमस्कार, मी रूपाली बोलतेय. आपल्याला काय मदत करू?"

आवाज फोनमधून आला आणि भिंतीतूनही आला. बाहेरच्या खोलीत रूपालीची रविवारचीही पाळी होती. जीवनने फोन ठेवला असता, पण आप्पा पलंगावर बसून त्याच्याकडे आशेने बघत होते.

"हां... मॅडम," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला. "डिस्क दिसत नाहीये."

"सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय. लॅपटॉप कुणी उघडला?"

"टेक्निशियननं."

"त्यांना अनुभव आहे का, सर?"

"थोडाफार."

"लॅपटॉप बंद करा, डिस्क बाहेर काढा आणि परत पूर्ण आत ढकला. अर्धवट बसली असेल."

"ते मी केलंय, मॅडम!"

"सर, मी सांगते तसं करा. मी थांबते."

जीवनने ती सांगते तसं केलं. डिस्क दिसली. आप्पांनी टाळी वाजवली. "बाई हुशार आहे हो!"

फोन संपल्यावर एक ते पाच गुण द्यायचे होते. जीवनने दोन दाबले. त्याच्या मते क्वालिटीत कुणाला डोक्यावर चढवून ठेवायचं नसतं.

पण कमी गुण आले की लगेच फोन करून कारण विचारायचं, असा कंपनीचा नियम होता. जीवनचा मोबाईल वाजला. त्याच्याआधी आप्पांनीच पुढे होऊन स्पीकर लावला.

"सर, आपण आम्हाला दोन गुण दिलेत. आमच्याकडून काय चुकलं?"

जीवनने बंद दाराकडे बघितलं. मग आप्पांकडे बघितलं.

"काही नाही, मॅडम. चूक इकडूनच होती."

"जरा मोठ्याने बोलता का, सर? रेकॉर्डिंगमध्ये नीट यायला हवं."