खरी नक्कल, मॉडेल बासष्ट

"गुडघा ठेवायला जागाच नाही यात," असं माझे यजमान दिलीपराव पुटपुटले, तेव्हा त्यांचं तोंड माझ्या कानापासून चार बोटांवर होतं. ही जवळीक वैवाहिक नव्हती. गाडीत जागाच तेवढी होती. तेवढ्यात काचेबाहेर गाडी बनवणारा कुंदन वाकला आणि म्हणाला, "कशी वाटली, साहेब?"

"एकदम प्रशस्त!" दिलीपराव म्हणाले.

एकतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. त्याची नोंद करून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

दिलीपराव सरकारी खात्यात राजपत्रित अधिकारी होते. कामं पुष्कळ असत, पण ख्याती एकाच कामाची: झेरॉक्सवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारून खाली सही करणे. चहा पिता पिता, मूळ कागदाकडे ढुंकूनही न बघता सही देणारे साहेब सुरतेत कमी नव्हते. दिलीपराव मूळ कागद खिडकीच्या उजेडात धरत, पाठपोट बघत आणि मगच पेनाचं टोपण काढत. "असल लावो, पछी सही," म्हणजे आधी मूळ कागद आणा, मग सही, हे त्यांचं वाक्य अख्ख्या कचेरीला पाठ होतं. माझ्या सख्ख्या भावाची गुणपत्रिका त्यांनी दोनदा परत पाठवली, त्यातली एक वेळ भाऊबीजेची. भाऊ अजून ओवाळून घेताना त्यांच्याकडे बघत नाही.

मग सरकारनं ठरवलं की ज्यानं त्यानं आपल्या नकलेवर आपणच सही करावी. दारासमोरची रांग आटली. निवृत्तीला शिक्का जमा करून घेतला गेला, शाईची डबी तेवढी घरी आली. अधूनमधून ते ती उघडून बोट लावून बघत. वाळलीय का, म्हणून. मी बघितलं नाही असं दाखवत असे.

अशा माणसाच्या कपाटाच्या दाराला आतून एक जुनं कॅलेंडर चिकटवलेलं होतं. त्यावर लाल रंगाची, बुटकी, विलायती स्पोर्ट्स गाडी, एकोणीसशे बासष्ट सालची, आणि शेजारी छत्री घेतलेली एक बाई. बाईबद्दल माझी तक्रार नव्हती. गाडीबद्दल असायला हवी होती.

कुंदनचा कारखाना बमरोलीत, गिरण्यांच्या मागच्या गल्लीत. पूर्वी तो जत्रेतल्या गोल पाळण्यांसाठी फायबरचे हत्ती, घोडे आणि बदकं करायचा. आता त्याच फायबरची बासष्ट मॉडेल करतो आणि आत जुन्या भंगारातल्या गाडीचं इंजिन बसवतो. त्याचं एक तत्त्व होतं. "साहेब, माझ्या शब्दावर जाऊ नका. मालकांचा अनुभव विचारा." असं म्हणून त्यानं 'अभिजात क्रीडामोटार प्रतिकृती मालक मंडळ, सुरत' या संस्थेची सभासद यादी दिली. इतका पारदर्शक व्यवहार पाहून दिलीपरावांचे डोळे पाणावले.

आम्ही आधी लिंबायतला धुडकूशेठकडे गेलो. शेठ मूळचे अमळनेरकडचे, अजून अहिराणीच बोलणारे, बत्तीस मागांचे धनी. गाडी मागांच्या शेडमध्ये साडीच्या ताग्याखाली झाकलेली होती.

"मनी गाडी? एक नंबर शे!" मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून शेठ म्हणाले. "तीन वरीस झाये, एक पंक्चर नही."

"पेट्रोल किती पितं?"

"काहीच नही!"

"गाडीपाठीमागं फार लागावं लागतं का?"

"अजिबात नही. जठे उभी करी, तठेच ऱ्हास."

दिलीपरावांनी सगळं वहीत उतरवलं. तेवढ्यात शेठच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनी, तागा उचलला. बॉनेटवर कुरडया वाळत होत्या. "ऊनमा काढतस ना चार जण उचलीसन, दोन तासमा कडक व्हतस," त्या कौतुकानं म्हणाल्या. शेठनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तागा परत टाकला.

दुसरे मालक निंबाभाऊ, हजीऱ्याला कंत्राटी काम घेणारे. ते म्हणाले, "वहिनी, या गाडीनं मला माणसं दाखवली. कुठंही जा, दर गतिरोधकाला चार-पाच अनोळखी माणसं धावून येतात. कोणी पुढून उचलतं, कोणी मागून. सुरतेत माणुसकी शिल्लक आहे, हे बंद काचेच्या गाडीत बसून कळत नाही."

"आतून दार उघडत नाही वाटतं?" मी विचारलं. त्यांचा पुतण्या धावत येऊन बाहेरून उघडत होता.

"असलीतही तसंच असतं," निंबाभाऊ म्हणाले.

हे वाक्य पुढे आम्हाला रोज लागणार होतं.

गाडी आली. सोसायटीत नारळ फुटला, पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात डावीकडे वळलं की हॉर्न वाजू लागला. कुंदनला फोन केला. "असलीतही तसंच असतं, साहेब." दुसऱ्या आठवड्यात वायपर आतल्या बाजूनं काच पुसू लागला. असलीतही तसंच असतं. तिसऱ्या आठवड्यात गिअर मागच्या चालीत अडकला तो निघेना. दिलीपराव चार दिवस दूध आणायला उलटे गेले आणि उलटेच आले. शेजारच्या सरलाबाईंनी मला विचारलं, "जुन्या विलायती गाड्या अशाच चालवायच्या असतात का हो?" मी म्हणाले, "असलीतही तसंच असतं." मग मी घरात जाऊन पाणी प्याले. खोटं बोलायला मलाही आता वेळ लागत नव्हता.

दुरुस्तीसाठी मंडळाची रीतसर पद्धत होती. मालकानं 'अनुभव पत्रक, नमुना क्रमांक चार' भरून द्यायचं. त्यात तीन रकाने: समाधानी, अतिसमाधानी आणि शब्दातीत. मेकॅनिकचा नंबर समाधानाच्या क्रमानं लागत असे. शब्दातीत मालकाकडे आठ दिवसांत माणूस येई, अतिसमाधानी मालकाकडे दोन महिन्यांत. नुसत्या समाधानी मालकानं वाट पाहावी, असं तळटीपेत होतं. त्यामुळे ज्याची गाडी जास्त बिघडलेली, तो जास्त आनंदी. धुडकूशेठ गेली तीन वर्षं सलग शब्दातीत होते.

दिलीपरावांनी पत्रक पंधरा दिवस उशीखाली ठेवलं. "मंगला, अनुभवाखाली माझी सही लागणार," ते म्हणाले. "सही म्हणजे सही."

"मग नका करू."

"मग गाडी आयुष्यभर उलटीच?"

एका दुपारी शाईच्या डबीत त्यांनी दोन थेंब पाणी घातलेलं मी पाहिलं आणि मला भीती वाटली, आता हे सही करणार.

त्याच आठवड्यात अभिजीतचा फोन आला. हा त्यांच्या कचेरीतला जुना कारकून, स्वभावानं सरळ. त्यालाही बासष्ट मॉडेल घ्यायचं होतं. "सर, बाकीचे मालक काहीही सांगोत. तुमची सही असेल तर मी डोळे झाकून घेतो. तुम्ही असल बघितल्याशिवाय सही करत नाही, हे मला माहितीय ना."

दिलीपरावांनी फोन ठेवला. कित्येक वर्षांनी कुणाला तरी त्यांची सही हवी होती.

रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये अनुभवकथनाचा कार्यक्रम झाला. खुर्च्या मांडल्या होत्या. अभिजीत आणि त्याची बायको उज्ज्वला आले. उज्ज्वलाला सातवा महिना होता. मंडळातर्फे धुडकूशेठ आणि निंबाभाऊ रिक्षानं आले. गाड्या का नाही आणल्या, असं कुणी विचारलं नाही. कुंदन नमुना चारची कोरी पत्रकं घेऊन आला. दिलीपराव आधीच गाडीत बसून तयार होते. आदल्या खेपेला बाहेर काढताना त्यांची कंबर धरली होती, म्हणून बाहेर यायचा विषय आम्ही काढत नव्हतो.

धुडकूशेठ पंक्चरचं बोलले. निंबाभाऊ माणुसकीचं बोलले. अभिजीत मान हलवत होता. मी चहा देताना उज्ज्वला हळूच म्हणाली, "काकू, यात आम्ही तिघं कसे बसणार?" मी म्हणाले, "साखर बरोबर झालीय ना गं?"

मग ती गाडीला एक फेरी मारून मागच्या बाजूला थांबली. "पुढून अगदी फोटोसारखी आहे," ती म्हणाली. "पण मागून कशासारखी तरी वाटते."

"असलीतही तशीच असते," निंबाभाऊ म्हणाले.

"असली कुणी बघितलीय?" उज्ज्वलानं विचारलं. भांडायला नव्हे, सहज. बाजारात भेंडी बघताना विचारतात तसं.

पार्किंगमध्ये शांतता पसरली. ही शांतता तुमच्याही ओळखीची आहे. कुणाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत जेवून हात पुसताना पाहुणा विचारतो, "पाणी चोवीस तास ना?" तेव्हा ती पडते. बैठकीत ठेवलेल्या व्यायामाच्या सायकलवर वाळत घातलेला टॉवेल पाहून कुणी विचारतं, "फरक पडला का हो?" तेव्हाही पडते. मग यजमान "प्रश्नच नाही" म्हणतात आणि पाहुणा तसलीच सायकल घेऊन घरी जातो.

"कुंदन," गाडीतून आवाज आला. हा कचेरीतला आवाज होता. मी तो किती तरी दिवसांनी ऐकला. "असल लावो."

"साहेब, असल कुठून आणू? पण मी ज्यावरून केली ते आहे." कुंदननं पिशवीतून पुठ्ठ्याची एक गुंडाळी काढली. लाल गाडी. छत्रीवाली बाई. आमच्या कपाटातलंच कॅलेंडर, त्याच वर्षाचं. फरक एवढाच की त्याच्या प्रतीला महिने होते, आमची प्रत कपाटाच्या मापानं कापलेली होती.

दिलीपरावांनी काचेतून हात बाहेर काढून ते घेतलं, उजेडात धरलं, पाठपोट बघितलं. "मागची बाजू छत्रीमागं झाकलीय," ते म्हणाले. "तू ती कशावरून केलीस?"

कुंदन म्हणाला, "साचा होता एक. तयार."

"कशाचा?"

"बदकाचा, साहेब."

कुणी हसलं नाही. आम्हा सगळ्यांना ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

निंबाभाऊंनी घाईघाईनं पत्रक आणि पेन काचेतून आत दिलं. "दिलीपभाऊ, शब्दातीतवर टिक करा आणि सही ठोका. तुमचा गिअरही होऊन जाईल, आणि नव्या सभासदाच्या शिफारशीवर माझा नंबर वर येतो. पोरगं किती आशेनं आलंय."

दिलीपरावांनी टोपण काढलं. पत्रक स्टिअरिंगवर ठेवलं. त्यांचा गुडघा हनुवटीपाशी होता. मी मनात म्हटलं, करून टाका. खरंच म्हटलं. आठ दिवसांत गाडी पुढे चालायला लागेल, अभिजीतची आली की रविवारी दोन घरं मिळून कुठे तरी जातील, निदान दुरुस्तीला तरी. उज्ज्वला पोटावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

त्यांनी टोपण परत लावलं.

"अभिजीत, घेऊ नकोस," ते म्हणाले. "असल आमच्यापैकी कुणीच बघितलेली नाही. आम्ही फसलोय. तूही फसलास की आम्हाला जरा बरं वाटेल, म्हणून छान छान म्हणतोय."

चहावर साय धरली.

"आणि आता," दिलीपराव म्हणाले, "कुणी तरी बाहेरून दार उघडा. गाडी प्रशस्त नाही, माझी कंबर खरंच दुखतेय."

दार उघडायला सगळ्यात आधी धुडकूशेठ उठले. एका हातानं दार आणि दुसऱ्यानं दिलीपरावांचा दंड धरून ते खाली मान घालून म्हणाले, "साहेब, मनी गाडीबी पहिल्या दिनपासून चालू व्हयेल नही."