पाण्यातला चष्मा रस्त्यावर

पिशवीत चष्मे दोन ठेवले होते. एक मोडला तर दुसरा असावा, एवढाच साधा हिशोब. पण घरात तीन माणसं असली की साधा हिशोब साधा राहत नाही.

शनिवारी संध्याकाळी चष्मेवाल्यांनी पलंगावर सगळा सरंजाम मांडला होता. हेल्मेट, बूट, टॉवेल आणि आपल्या चष्म्यांच्या दुकानात बसून स्वतःच्या हाताने नंबराच्या काचा बसवलेला पोहण्याचा गॉगल. उद्या आधी तलाव पोहायचा, ओल्या अंगाने सायकल हाणायची आणि सायकल टाकली की पळत सुटायचं. हौशी लोकांसाठी ठेवलेली ही छोटी शर्यत होती. ‘छोटी’ हा शब्द सुचवणारा माणूस काठावर खुर्ची टाकून बसणारा असणार, असं चष्मेवाल्यांचं सरावाअंती मत झालं होतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं ते मेव्हण्यामुळे. बायकोचा हा धाकटा भाऊ दंड दिसतील असेच सदरे शिवून घेत असे. एका जेवणाला सगळ्यांच्या देखत तो म्हणाला होता, “भाऊजी आणि शर्यत? सुरुवातीची शिट्टी वाजेल तेव्हा हे चष्मा शोधत असतील!” सगळे हसले. बायकोही हसली, आणि ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी नाव नोंदवलं. मग मेव्हण्यानेही नोंदवलं, “भाऊजींना सोबत” म्हणून. पण रोज पहाटे पोहता पोहता राग कधी विरघळला ते कळलंच नाही. उरली ती निव्वळ हौस. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवतानाही त्यांचे पाय काउंटरखाली पाणी मारत असायचे.

“दोन दोन चष्मे एकाच खिशात?” बायकोने पिशवी उघडून पाहिली. “आपटून दोन्ही फुटतील. अगं, बाबांच्या पिशवीतला एक चष्मा काढून ठेव बरं.”

“हो, काढते,” मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली.

या घरात ‘काढते’ म्हणजे काय, हे आईला ठाऊक होतं. तिने स्वतःच एक चष्मा काढून कपाटात ठेवला. आणि मुलगी, आयुष्यात पहिल्यांदाच, सांगितलेलं काम विसरली नाही. झोपण्याआधी तिने आठवणीने एक चष्मा काढला.

सकाळी तलावाकाठी रंगीबेरंगी टोप्यांची जत्रा भरली होती. चष्मेवाल्यांच्या छातीत ढोल वाजत होते. त्यांनी नाकावरचा चष्मा उतरवून बायकोच्या हातात दिला. “हा तू धर. माझे दोन आहेत तिकडे, सायकलीजवळ.” गॉगल चढवला, शिट्टी झाली आणि त्यांनी पाण्यात झेप घेतली.

काय ते पाणी! आजूबाजूला हात, पाय, फेस. कुणाची तरी टाच कानावर बसली, तरी चष्मेवाल्यांना हसूच येत होतं. काठाला लागून वळून पाहिलं तर मेव्हणा मागे राहिला होता. फुगवलेले दंड पाण्यात फारसे उपयोगी पडत नाहीत, असं दिसत होतं. “अहो, पुढे आहात! पळा!” बायकोचा आवाज गर्दीतून आला आणि चष्मेवाले खरोखर उडत सायकलीजवळ पोचले. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, पिशवीच्या खिशात हात.

खिसा रिकामा.

त्यांनी पिशवी उलटी केली. झटकली. टॉवेलमध्ये पाहिलं, बुटात पाहिलं. बूट पायात होते, तरी पाहिलं. गावभर चष्मे वाटणाऱ्या माणसाजवळ एक चष्मा नव्हता! गॉगल कपाळावर सरकवला तर सायकल आणि शेजारची बाई यांतला फरकही नीट कळेना. तेवढ्यात मेव्हणा पाण्याने निथळत, धापा टाकत येताना ऐकू आला. आता विचार करायला वेळ नव्हता. चष्मेवाल्यांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि सायकलीवर टांग मारली.

“काका, तलाव मागे राहिला!” पहिल्याच वळणावर पाण्याच्या बाटल्या वाटणारी ओरडली.

“माहितीये!” चष्मेवाले ओरडले. त्यांना लाज वाटायला हवी होती. पण उतार लागला होता, कानात वारा भरला होता आणि चाकं गाणं म्हणत होती. लाजेला आत शिरायला जागाच नव्हती.

अडचण एवढीच की पोहण्याच्या गॉगलातून समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. त्यात घामाची वाफ धरायला लागली. शेवटी समोर फक्त एक भगभगीत केशरी सदरा आणि वर हेल्मेट एवढंच उरलं. झालं, केशरी सदरा धरून ठेवायचा! सदरा वळला, हेही वळले. सदऱ्याने वेग वाढवला, यांनीही वाढवला. पाठीमागून मेव्हण्याची आरोळी येत होती, “आलो भाऊजी, आलो!”

चौक गेला, गल्ली आली, गल्लीतून बोळ, आणि एका इमारतीच्या फाटकात सदरा कचकन थांबला. चष्मेवाले त्याच्या मागच्या चाकावर आदळता आदळता वाचले.

केशरी सदरेवाला भिंतीला पाठ लावून उभा होता. “माझ्या मागे का लागलात? काय पाहिजे तुम्हाला?”

“मला? तुला गाठायचंय!”

“का पण? मी काय केलंय?”

“अरे, शर्यत नाही का?”

“कसली शर्यत? मी पार्सल द्यायला आलोय, तिसऱ्या मजल्यावर!” तो हातातलं खोकं छातीशी धरून म्हणाला. “आणि डोळ्यांना ते काय लावलंय?”

एवढ्यात मेव्हणाही फाटकातून आत घुसला आणि उतरून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. “काय झालं? पोचलो का?”

“पार्सलाच्या घरी पोचलो,” चष्मेवाले म्हणाले. “माझं सोड, मला वाफेमुळे दिसत नव्हतं. तू का वळलास?”

“तुम्ही वळलात म्हणून!”

“चौकात बाण आहे की सरळ जायचा,” पार्सलवाला म्हणाला. “माणसाएवढा. पिवळा.”

“मी... भाऊजींवर लक्ष ठेवून होतो,” मेव्हणा दुसरीकडे बघत म्हणाला.

भांडायला वेळ नव्हता. दोघं आले तसे परत सुटले. चौकात उभ्या असलेल्या शर्यतीच्या शिट्टीवाल्याने सांगितलं, “जिथून चुकलात तिथूनच पुढे चला. बाकीचे केव्हाच गेले.” मग काय, गावात दोनच सायकली उरल्यासारखे दोघं एकमेकांशी भिडले. कधी हा पुढे, कधी तो. चष्मेवाल्यांच्या मांड्या पेटल्या होत्या आणि तोंडातून मधेच हसू, मधेच ‘आई गं’ बाहेर पडत होतं. सायकली ठेवून पळायला लागले तेव्हा मेव्हण्याने डाव साधला. पळण्यात तो खरा गडी. शेवटच्या मैदानात शिरताना तो चांगला वीस पावलं पुढे होता.

गॉगलात आता नुसतं दूध भरलं होतं. चष्मेवाल्यांनी तो गळ्यात ओढला. समोर लाल धूसर, हिरवं धूसर आणि कुठेतरी उभं राहिलेलं मोठं काहीतरी. तेवढ्यात डावीकडून हाक आली, “अहो! इकडे! अहो, इकडे या!” चष्मेवाल्यांनी मान खाली घातली आणि आवाजाच्या रोखाने जिवाच्या आकांताने धाव घेतली. पायाखाली शेवटच्या कमानीचा गालिचा लागला, टाळ्या कडाडल्या आणि बायकोने त्यांना अक्षरशः झेलून घेतलं.

“पोचले! अहो, पोचलात तुम्ही!” ती हसत होती, रडत होती, आणि त्यातच तिने त्यांच्या नाकावर चष्मा चढवला.

जग जागेवर आलं. चष्मेवाल्यांनी पहिल्यांदा मेव्हण्याला शोधलं. तो मैदानाच्या पार उजव्या टोकाला, दुसऱ्याच एका कमानीखाली दोन्ही हात उंचावून उभा होता. कमानीवर ठसठशीत अक्षरांत ‘वाहनतळ’ लिहिलं होतं, आणि राखणदार त्याला विचारत होता, “गाडी कुठंय तुमची?”

थोड्या वेळाने मेव्हणा योग्य कमानीतून आला. शर्यतीत सगळ्यात शेवटचा. चष्मेवाल्यांच्या शेजारी गवतावर तो धपकन बसला. बायको पाणी आणायला गेली होती.

“हरलो ते हरलो भाऊजी,” तो म्हणाला. “पण तुम्हाला चष्म्याशिवाय ती कमान दिसली कशी?”

“कुठली दिसतेय! तुझ्या ताईने हाक मारली. लग्न झाल्यापासून ती हाक आली की पाय आपोआप तिकडेच वळतात.” चष्मेवाल्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग समोर बोट केलं. “तो फलक वाच बरं.”

मेव्हण्याने डोळे बारीक केले. मान पुढे काढली. बराच वेळ काढली.

“कुठला फलक?”

हा क्षण सगळ्या नातेवाइकांसमोर, जेवणाच्या ताटावर वाढण्यासारखा होता, हे चष्मेवाल्यांना चांगलंच कळत होतं. दुरून बायको पाण्याच्या बाटल्या घेऊन येताना दिसली. मेव्हणा घाईघाईने त्यांच्या कानाशी लागला.

“भाऊजी,” तो कुजबुजला, “तुमच्या दुकानाला मागचं दार आहे का हो?”