डोळ्यांत पांढरं नको

“डोळ्यांत पांढरं नको,” असं सांगून दिग्दर्शकाने विषय संपवला. “पांढरं दिसलं की माणूस वाटतो. माणूस वाटला की बघणाऱ्याला दया येते. आणि दया आली की लोक चॅनल बदलतात.”

म्हणून त्या दिवशी सकाळी धाकट्याच्या दोन्ही डोळ्यांत काळ्याकुळकुळीत लेन्स बसवल्या गेल्या. चष्म्याऐवजी लावतात तसल्या इवल्याशा नव्हेत, तर पापणीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळा डोळा झाकून टाकणाऱ्या. आरशात पाहून तो स्वतःच मागे सरकला. कित्येक वर्षं तो मालिकांमधून दुष्टांची कामं करत होता. मिशा लावून झाल्या, सुळे लावून झाले, घसा बसेपर्यंत गडगडाटी हसूनही झालं. पण त्याला पाहून कधी कुणी दचकलं नव्हतं. घरात पाल निघाली तर शेजाऱ्यांना हाक मारणारा माणूस तो. दुष्टपणा त्याच्या अंगी लागतच नव्हता. आज मात्र रोजचा मेकअपवाला लांबूनच म्हणाला, “साहेब, माझ्याकडे नका बघू.” धाकट्याला मनातून फार बरं वाटलं.

त्या लेन्समध्ये खोट एवढीच होती, की मधोमध जे बारीक भोक होतं त्यातून दिसेल तेवढंच जग. शिवाय त्या स्वतःच्या हाताने काढता येत नसत. त्याला रबराची एक छोटी वाटी लागे. ती वाटी लेन्सवाल्या मुलीच्या पर्समध्ये होती, आणि ती मुलगी पर्ससकट दुसऱ्या सेटवर कुणाचे तरी डोळे हिरवे करायला गेली होती. नेमका तेव्हाच वहिनींचा फोन आला.

“भावजी, ह्यांचं ऑपरेशन झालं आत्ता. पित्ताचे खडे होते. तसं घाबरायचं कारण नाही. पण आत नेताना तुमचं नाव काढलं हो ह्यांनी. म्हणाले, धाकट्याला कळव.”

 दादा धाकट्याशी सहा वर्षं बोलला नव्हता. दादा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बोलताना समोर वर्ग बसला आहे असंच त्याला वाटे. सहा वर्षांपूर्वी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना कुणीतरी हौसेने टीव्ही लावला, आणि पडद्यावर धाकटा कुणाच्या तरी मानेचा चावा घेताना दिसला. दादाने उठून टीव्ही बंद केला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “या गृहस्थांना मी ओळखत नाही.” धाकटा पानावरून उठला, तो परत त्या घरात गेला नाही. दादाने एकदा, एकदाच, आपलं काम शेवटपर्यंत बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण ती बोलून दाखवायचीही त्याला लाज वाटायची. आणि आता दादाने नाव काढलं होतं. लेन्स, शूटिंग, दिग्दर्शक, सगळं गेलं खड्ड्यात. अंगावरचा झगा त्याने फेकला, तोंडाला फासलेली राख जमेल तेवढी धुतली, नखांचा काळा रंग निघेना तो तसाच ठेवला, कॅमेरामनचा काळा चष्मा ओढून घेतला आणि तो निघाला.

त्या बारीक भोकांवर काळा चष्मा चढल्यावर दिसायचं काय ते उरलं नाही. टॅक्सीचं दार म्हणून त्याने शेजारच्या माणसाचा खिसा चाचपला. टॅक्सीवाला धावत आला. त्याने धाकट्याला हाताला धरून आत बसवलं आणि इस्पितळाशी उतरवताना हळुवार आवाजात सांगितलं, “पुढे पायरी आहे हं, काका. अजून एक. शाब्बास.”

धाकटा ‘मला दिसतं हो’ म्हणणार होता. पण मग चष्मा का, आणि चष्म्यामागे काय, हे सांगावं लागलं असतं. इस्पितळाच्या दारात उभं राहून ते डोळे कुणाला दाखवायचे? तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याने त्याचा घात केला.

लिफ्टपाशी रांग होती. ती आपोआप दुभंगली. बाकावर एक म्हातारेबुवा पायाला प्लॅस्टर घालून बसले होते. ते काठीवर जोर देत उठले आणि त्यांनी धाकट्याला आपल्या जागी बसवलं.

“अहो, तुमचा पाय मोडलाय. तुम्ही बसा ना,” धाकटा कळवळून म्हणाला.

“छे छे! मला निदान दिसतंय तरी,” म्हातारेबुवा म्हणाले आणि एका पायावर उभे राहिले.

धाकटा शरमेने अर्धा झाला. त्याने आजवर पडद्यावर विषप्रयोग केले होते, पोरं पळवली होती, आख्खी गावं जाळली होती. पण मोडक्या पायाच्या म्हाताऱ्याला उभं करून त्याच्या जागी बसण्याइतकं नीच काम त्याला कुणी कधी दिलं नव्हतं.

तेवढ्यात वॉर्डातली मावशी आली. तिने दादाचं नाव विचारून घेतलं, धाकट्याचा दंड पकडला आणि चालता चालता विचारलं, “जन्मापासून का हो?”

“नाही,” धाकटा प्रामाणिकपणे म्हणाला, “सकाळपासून.”

मावशी जागीच थबकली. “अगंबाई! आज सकाळी डोळे गेले, आणि स्वतःचं दुःख टाकून भावाला बघायला आलात?”

“अहो, तसं नाही...”

पण मावशीला आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. मजल्यावर पोचेपर्यंत तिने ही हकिगत दोन नर्सना, मलमपट्टी करणाऱ्या एका ड्रेसरला आणि ओळीने बसलेल्या नातेवाइकांना सांगितली. “असा भाऊ मिळायला भाग्य लागतं,” असं म्हणून एका बाईने डोळ्यांना पदर लावला आणि शेजारी बसलेल्या आपल्या दिराकडे रोखून पाहिलं. दीर बिचारा मान खाली घालून बुटांकडे बघू लागला. धाकट्याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. मात्र दुभंगलेली जमीनही त्याला दिसली नसती.

वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मावशीने त्याला खोलीत सोडलं आणि दार लोटून घेतलं. पडदे ओढलेले होते. दोन पावलं टाकताच धाकटा सलाइनच्या दांड्यावर आदळला, आणि तिसऱ्या पावलाला खुर्चीवर. शेवटी त्याने चष्मा काढून खिशात टाकला. दादा तर झोपेतच होता. बारीक भोकातून आधी दादाची पावलं दिसली, मग चादर, मग हनुवटी. सगळा दादा एकदम दिसेना, म्हणून तो वाकत वाकत पार त्याच्या तोंडाशी गेला. केवढा थकला होता दादा! गालफडं बसली होती. 

आणि दादाने डोळे उघडले.

वीतभर अंतरावर राखाडी चेहरा, काळी नखं, आणि ज्यांत पांढऱ्याचा ठिपका नाही असे दोन डोळे. दादा ओरडला नाही. मुख्याध्यापकाला शोभेल अशा धीराने त्याने आवंढा गिळला.

“आलास?” दादाने विचारलं.

“आलो,” धाकटा भरल्या गळ्याने म्हणाला. भरल्या गळ्यामुळे तो आवाज थेट विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटला.

“मला एवढ्यात येता येणार नाही,” दादा म्हणाला. “हिला बँकेतलं काही कळत नाही. सोसायटीच्या टाकीचं काम अर्धवट आहे. मी अध्यक्ष आहे.”

आता कुठे धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दादाची भूल अजून पुरती उतरली नव्हती, आणि आपण कोण दिसतो आहोत हे आपण साफ विसरलो होतो. ‘अरे दादा, मी आहे,’ असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण दादाच पुढे बोलला.

“हे बघ, तुला कुणीतरी नेऊन दाखवायचाच असेल ना? मग माझ्याऐवजी धाकट्याला ने.”

धाकट्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

“माझा भाऊ,” दादा समजावून सांगू लागला. “धडधाकट आहे. बायको नाही, पोर नाही. काम म्हणशील तर सोंगं काढतो. त्याचं कुणाचं अडणार नाही. पत्ता लिहून घे. नाट्यगृहामागची पिवळी इमारत, सगळ्यात वरचा मजला. लिफ्ट बंद असते, जिन्याने जावं लागेल. दारावर पाटी नाही. किती वेळा वाटलं एक करून पाठवावी.”

त्या घरात धाकटा गेल्या वर्षी राहायला गेला होता. पत्ता त्याने वहिनींनासुद्धा सांगितला नव्हता. म्हणजे दादा स्वतः कधीतरी तो जिना चढून, दारापर्यंत येऊन, बेल न वाजवता परत गेला होता.

“आणि एक,” दादाचा आवाज खाली आला. “त्याला दिवसाउजेडी ने. अंधारात फार घाबरतो तो. लहानपणापासून. मी हात धरल्याशिवाय झोपायचा नाही.”

धाकट्याला रागवावं की रडावं कळेना. आता जर ‘मीच तो’ म्हणून सांगितलं, तर दादा शरमेनेच प्राण सोडेल, हे मात्र त्याला स्वच्छ कळलं. त्याने आपला पडद्यावरचा आवाज काढला. “बघतो,” तो म्हणाला, “वर विचारून सांगतो.” आणि मागच्या मागे खोलीबाहेर पडला.

दारात वहिनी उभ्या. त्यांच्या हातातली औषधांची पिशवी खाली पडली. “भावजी!” त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “हे काय ध्यान!” आणि लेन्सची हकिगत ऐकून घेतल्यावर त्यांनी त्याला दंडाला धरून खालच्या मजल्यावर नेत्रविभागात उभं केलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लेन्स काढल्या आणि काढता काढता त्याला झापझाप झापलं. “आणि वाईट माणसं अशी दिसतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “रोज बघते मी. चांगले पांढरेशुभ्र डोळे असतात त्यांचे.”

तिथल्याच स्पिरिटने तोंड आणि नखं पुसून परत वर जाताना लिफ्टपाशी म्हातारेबुवा भेटले. धाकटा तडातडा चालत येताना पाहून त्यांनी काठी टाकली आणि हात जोडले. “आली का हो नजर?”

“आली,” धाकटा पुटपुटला, त्याने काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि जिन्याने पळाला.

दादा आता पुरता शुद्धीवर आला होता. धाकटा समोर उभा राहिला, तेव्हा त्याचे डोळे लाललाल झाले होते आणि घळाघळा वाहत होते. ते लेन्स ओढून काढल्यामुळे होते की दुसऱ्या कशामुळे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दादा त्या डोळ्यांकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा पडला.

“माझ्यासाठी रडलास?” दादाने विचारलं. मग घाईघाईने, “तू बरा आहेस ना? छातीत वगैरे दुखत नाही? वाटेत कुणी भेटलं का?”

“कुणी नाही, दादा.”

“जिना जपून उतरत जा. किंवा असं कर, घरी जाऊच नकोस. आमच्याकडे राहा. पत्ता बदललेला बरा असतो कधीकधी.”

सहा वर्षांचा अबोला असा एका वाक्यात संपला. धाकटा दादाकडे राहायला गेला, आणि काळ्या डोळ्यांचं ते अर्धवट शूटिंग तिथूनच जाऊन पुरं करून आला. त्याची नुसती चंगळ सुरू झाली. दादा त्याला रस्ता ओलांडू देईना, विजेच्या बटणाला हात लावू देईना. जेवताना घास अडकला की दादाच घाबराघुबरा होऊन पाण्याचा पेला पुढे करी. धाकटा ते सगळं प्रेम खात होता आणि त्याला ते चोरून खाल्ल्यासारखं लागत होतं. आपण ते फसवून मिळवतो आहोत ही बोच त्याला बसू देईना. दादाला तर त्याच्या नजरेला नजर देणं जमत नव्हतं. दोघे भाऊ समोरासमोर बसून आपापल्या ताटांत बघत जेवत, आणि वहिनी दोघांना आळीपाळीने वाढत.

शेवटी दादालाच राहवलं नाही. टाके काढून आल्यावर त्याने धाकट्याला गॅलरीत नेलं आणि दार लावून घेतलं.

“मी तुझं नाव सांगितलं रे,” दादा म्हणाला.  “मला न्यायला आला होता तो, तर मी त्याला तुझा पत्ता दिला. सख्ख्या भावाचा. लिफ्ट बंद असते हेसुद्धा सांगितलं.”

धाकट्याने दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. “दादा, तो मीच होतो! शूटिंगमधून तसाच आलो होतो. डोळ्यांत काळ्या लेन्स होत्या. शपथ सांगतो, मीच होतो.”

 दादाचे डोळे भरून आले, आणि त्याने हळूच नकारार्थी मान हलवली.

“मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतोस होय? असाच आहेस तू. लहानपणापासून.”

“अरे, खरंच मी होतो!”

“वेड्या, मी तुझं काम बघतो. हिच्या नकळत, आवाज बारीक करून. एकही भाग चुकवलेला नाही. तुला पाहून मला कधी भीती वाटली नाही रे. कीव येते. तो तू असणं शक्यच नाही.” दादाला त्या आठवणीनेसुद्धा कापरं भरलं. “त्याला पाहून माझं काळीज थांबलं होतं.”

आयुष्यातलं हे पहिलंच कौतुक धाकटा मुकाट्याने ऐकत उभा राहिला. आपल्याला आनंद होतो आहे याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

दादाने डोळे पुसले. सगळं बोलून टाकल्याने त्याचा चेहरा एकदम हलका झाला होता. “आता चोरून नाही बघायचं,” तो म्हणाला. “नवीन काम सुरू केलंयस म्हणे तू. सोमवारी दाखवणार आहेत ना? सोसायटीतल्या सगळ्यांना बोलावतो. त्यांना सांगतो, हा माझा भाऊ. तू माझ्या शेजारी बसायचंस आणि आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं.”

हे वाक्य ऐकण्यासाठी धाकट्याने सहा वर्षं वाट पाहिली होती. तो “बरं दादा” म्हणाला, आणि सोमवारी वीज जाईल का, याची चौकशी कुठे करतात ते आठवू लागला.